शनिवारवाड्यात एकच भूत का?

शनिवारवाड्यात आणि त्याच्या दारात मेलेली माणसे कमी नाहीत, पण भूत सांगितले जाते ते एकाचेच. पौर्णिमेच्या रात्री, कुणाच्या मते अमावास्येच्या, तटाच्या आतून ‘काका, मला वाचवा’ अशी किंकाळी उठते, ही गोष्ट पुण्यातल्या पोराला इतिहासाचे पुस्तक हाती पडायच्या आतच माहीत झालेली असते. किंकाळी नारायणराव पेशव्याची, आणि काका म्हणजे रघुनाथराव. या गोष्टीवर बोलणे निघाले की लगेच दोन तट पडतात. एकाच्या ओळखीतल्या कुणीतरी ती स्वतःच्या कानांनी ऐकलेली असते. दुसऱ्याच्या मते भुतेखेते ही सगळी थाप असते. भांडण मात्र दोघांचेही एकाच मुद्द्यावर चालते, आवाज येतो की नाही. मला त्याहून वेगळा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. पेशव्यांच्या ऐंशीहून अधिक वर्षांच्या वास्तव्यात या वास्तूने खून पाहिले, देहदंड पाहिला, उंचावरून पडून झालेला मृत्यू पाहिला, आगी पाहिल्या. मग लोकांच्या तोंडी त्यातले एकच मरण का उरले? वाड्याशी निगडित बाकीची मरणे त्याच्या शेजारी मांडून पाहिली की उत्तर सापडते. माणूस किती भयंकर रीतीने मेला याच्याशी भुताच्या गोष्टीला फारसे कर्तव्य नसते. त्या मरणाचा जाब कुणी दिलाच नाही, ही गोष्ट ती धरून ठेवते.

वाडा म्हटले की डोळ्यांपुढे चौक, कारंजी आणि दिवाणखाने येतात. पण आज जे उभे आहे ते मुख्यतः लष्करी बांधकाम आहे. पहिल्या बाजीरावाने १० जानेवारी १७३० रोजी पाया घातला आणि २२ जानेवारी १७३२ रोजी वास्तुशांत केली. दोन्ही दिवस शनिवारच. तटबंदीचे काम पुढे नानासाहेबाच्या काळात पुरे झाले. नऊ बुरूज आणि पाच दरवाजे असलेल्या या वास्तूचा उत्तरेकडचा दिल्ली दरवाजा जवळून पाहण्यासारखा आहे. त्याच्या भक्कम दारांवर हत्तीचे गंडस्थळ येईल तेवढ्या उंचीवर वीतभराहून लांब लोखंडी खिळ्यांच्या ओळी ठोकलेल्या आहेत, हत्तीची धडक देऊन दार फोडता येऊ नये म्हणून. दारातली दिंडी एवढी लहान की माणसाला वाकूनच आत शिरावे लागते. फौज आत लोटायची तर एकेकट्याने. आत गेल्यावरही वाट सरळ नाही. ती आधी एकीकडे वळते, मग दुसरीकडे, आणि घुसणाऱ्याचा वेग मोडते. तटात बंदुका डागण्यासाठी जंग्या आहेत, बुरुजांवर तोफांची सोय होती. इतका सगळा विचार बाहेरून येणाऱ्या शत्रूचा केलेला. ३० ऑगस्ट १७७३ रोजी घात झाला तो मात्र आतून, पेशव्याचाच पगार खाणाऱ्या पहारेकऱ्यांच्या हातून.

थोरले माधवराव १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरला गेले आणि त्यांचा धाकटा भाऊ नारायणराव गादीवर आला. खुनाच्या दिवशी त्याला अठरा वर्षे पुरी होऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते. चुलते रघुनाथराव वाड्यातच नजरकैदेत होते, आणि पेशवेपद आपल्याला मिळाले नाही हे त्यांचे शल्य जुने होते. वाड्याचा पहारा गारद्यांकडे होता. गारदी म्हणजे पाश्चात्त्य पद्धतीची कवायत शिकलेले भाडोत्री पायदळ; पानिपतावर इब्राहिमखानाच्या हाताखाली लढलेले ते हेच लोक. त्यांना फितवण्यात आले. कटाची कुणकुण लागलीच नव्हती असेही नाही. त्याच दिवशी रघूजी आंग्र्यांनी नारायणरावाला सावध केले होते आणि त्याने बंदोबस्ताचे काम हरिपंत फडक्यांवर सोपवले होते. फडके जेवायला गेले आणि तेवढ्यात घडायचे ते घडले. दुपारी सुमेरसिंग, खरकसिंग आणि महंमद इसफ या गारद्यांच्या म्होरक्यांनी थकलेल्या पगाराच्या नावाखाली आपली माणसे आत घुसवली. नारायणराव पळत काकाच्या दालनात गेला, त्यांना मिठी मारून जीव वाचवण्याची विनवणी करू लागला. तुळाजी पवार नावाच्या नोकराने त्याला ओढून काढले आणि तिथेच त्याच्यावर वार झाले. चाफाजी टिळेकर हा सेवक धन्याला वाचवण्यासाठी त्याच्या अंगावर पडला आणि त्याच्याबरोबरच कापला गेला. रियासतकार सरदेसायांच्या हिशेबाने अर्ध्या तासात अकरा माणसे मेली. त्यांत ब्राह्मण होते, मराठा नोकर होते, दोन दासी होत्या.

इतिहास आणि दंतकथा यांतला पहिला फरक इथेच दिसतो. खून दिवसाढवळ्या झाला. अनंत चतुर्दशी तोंडावर आलेली, गणेशोत्सवाचे दिवस, वाडा माणसांनी गजबजलेला. पौर्णिमा अजून यायची होती. दंतकथेने भर दुपार काढून टाकली आणि तिथे चांदणी रात्र आणली, कारण भुताच्या गोष्टीला दुपार मानवत नाही. थकलेला पगार तिने गाळला, फितवलेले पहारेकरी गाळले, आंग्र्यांचा इशारा आणि फडक्यांची हयगय गाळली. दहा इतर प्रेतेही गाळली. ठेवले काय, तर फक्त दोन माणसे आणि एक विनवणी: मिठी मारणारा पुतण्या आणि सोडवू शकत असूनही न सोडवणारा काका. एवढी काटछाट सहज किंवा विसरभोळेपणाने होत नसते. लोकांना जे सांगायचे होते तेवढेच त्यांनी ठेवले. रघुनाथरावांची पत्नी आनंदीबाई हिने कागदावर अक्षर बदलून ‘धरावे’चे ‘मारावे’ केले ही जोडकथाही याच कामाची आहे. असा बदललेला कागद पुरावा म्हणून कुणाला दाखवता आलेला नाही, तरी ती कथा मरत नाही. कारण भुताच्या कथेप्रमाणे तीही अपराध कुणाच्या माथी मारायचा एवढेच सांगते.

आता याच वाड्यातले दुसरे मरण पाहू. नारायणराव मेला तेव्हा त्याची पत्नी गंगाबाई गरोदर होती. १८ एप्रिल १७७४ रोजी पुरंदरावर मुलगा झाला, तो सवाई माधवराव. बारभाईंनी, म्हणजे रघुनाथरावांविरुद्ध एकत्र आलेल्या कारभाऱ्यांनी, त्याला पाळण्यात असतानाच पेशवा केले. नाना फडणविसांच्या करड्या देखरेखीत वाढलेला हा मुलगा २५ ऑक्टोबर १७९५ रोजी आजारी असताना वाड्याच्या वरच्या मजल्यावरून खाली कारंज्यावर पडला आणि दोन दिवसांनी वारला. वय अवघे एकवीस. तापाच्या भरात तोल गेला की त्याने स्वतःच उडी टाकली, यावर आजही वाद होतात. भुतासाठी लागणारे सगळे साहित्य इथे जमलेले आहे: तरुण राजा, पोरका, निपुत्रिक, अपमृत्यू, तोही नारायणरावाच्या पोटच्या मुलाचा. पण कारंज्याजवळ कण्हण्याचा आवाज येतो अशी गोष्ट लोकांनी रचली नाही. हळहळ पुष्कळ व्यक्त झाली, पण बोट रोखावे असा कुणी माणूस समोर नव्हता. नानांना दोष देणारे निघाले, पण तो दोष कडक पालकाचा होता, मारेकऱ्याचा नव्हता.

तिसरे मरण दिल्ली दरवाजाच्या बाहेरचे. एप्रिल १८०१ मध्ये दुसऱ्या बाजीरावाने विठोजी होळकराला शनिवारवाड्यासमोर हत्तीच्या पायी दिले. क्रौर्याच्या मापाने पाहिले तर हा प्रकार नारायणरावाच्या खुनापेक्षा तसूभरही कमी नव्हता. तो राजाज्ञेने, लोकांच्या डोळ्यांदेखत आणि पेशव्याच्या साक्षीने झाला. तरीही त्या पटांगणात विठोजी दिसत नाही की त्याचे ओरडणे ऐकू येत नाही. कारण त्याचा हिशेब चुकता झाला. भाऊ यशवंतराव होळकर फौज घेऊन आला, २५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरच्या लढाईत त्याने पेशवे आणि शिंदे यांच्या सैन्याचा धुव्वा उडवला, बाजीराव पुण्यातून पळाला आणि त्या वर्षाच्या शेवटच्या दिवशी वसईला त्याने इंग्रजांशी तह करून स्वातंत्र्य गहाण टाकले. विठोजीच्या मरणाची किंमत अख्ख्या पेशवाईने मोजली. ज्याचा सूड इतक्या उघडपणे उगवला, त्याला भूत होऊन फिरण्याचे कारण उरले नाही.

नारायणरावाच्या खुनाची गत याच्या उलट झाली. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी केली आणि खुद्द रघुनाथरावांना दोषी धरले. देहांत प्रायश्चित्ताखेरीज या पापाला उतारा नाही, असे त्यांनी तोंडावर सुनावून पुणे सोडले, अशी परंपरा आहे. मारेकऱ्यांपैकी काहीजण पुढे पकडले जाऊन मारले गेले. म्हणजे ज्यांनी हत्यार चालवले त्यांच्यापर्यंत दंड पोचला. पण ज्याच्यासाठी हत्यार चालले तो काही काळ पेशवा म्हणून मिरवला. बारभाईंनी पायाखालची जमीन काढून घेतल्यावर तो इंग्रजांच्या आश्रयाला गेला, मार्च १७७५ मध्ये सुरतेला त्यांच्याशी तह केला आणि मराठ्यांच्या घरात पहिले इंग्रज युद्ध आणले. १७८२ च्या सालबाईच्या तहाने त्याला नेमणूक बांधून दिली. डिसेंबर १७८३ मध्ये कोपरगावला तो अंथरुणावर वारला. एवढ्यावरच हे थांबले नाही. सवाई माधवराव निपुत्रिक गेल्यावर गादी मिळाली ती रघुनाथरावाच्याच मुलाला, दुसऱ्या बाजीरावाला. म्हणजे खुनाने जे मिळवायचे होते ते तेवीस वर्षांनी का होईना, खुन्याच्या घरात पोचले. न्यायाधीशाने निकाल दिला, पण तो अमलात आणणारी सत्ता नव्हती. असा लटकलेला निकाल लोकांच्या मनात पडून राहतो, आणि ती किंकाळी त्याचेच स्मरण आहे.

या भुताची एक जुनी खूण जिथे सापडते ते ठिकाणही बोलके आहे. दुसऱ्या बाजीरावाला नारायणरावाच्या पिशाच्चाची धास्ती होती, त्याच्या शांतीसाठी तो ब्राह्मणांना दाने देई आणि त्याने पुण्याच्या आसपास हजारो आंब्याची झाडे लावली, असे एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज लेखकांनी लिहून ठेवले आहे. परक्यांनी लिहिलेल्या ऐकीव माहितीला जितके वजन द्यावे तितकेच तिला द्यायचे; तरी तीत एक गोष्ट नेमकी आहे. ते भूत वाटसरूंच्या वाटेला जात नव्हते. ते अपराध्याच्या मुलामागे लागले होते, आणि आपल्याकडच्या भूतविद्येला ते अगदी धरून होते. मुंज झालेला पण लग्न न झालेला मुलगा मेला की मुंजा होतो आणि पिंपळावर बसतो. वासना अडकलेला ब्राह्मण समंध होतो. बाळंतपणात गेलेली बाई हडळ होते. या प्रत्येकाची काहीतरी मागणी असते. नैवेद्य, विधी, वंशजांकडून देणे वसूल करणे असा त्यांचा व्यवहार असतो. आजच्या शनिवारवाड्यातले भूत मात्र कुणाला झपाटत नाही, कुणाच्या अंगात येत नाही, नारळ-कोंबडे मागत नाही. ते फक्त हाक मारते. हा बदल कसा झाला असावा याचा अंदाज बांधता येतो. १८१७ च्या नोव्हेंबरात वाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले, पुढच्या वर्षी बाजीराव बिठूरला गेला आणि पुण्यात देणेकरी घराणे उरलेच नाही. ज्याच्याकडून वसुली करायची असा कुणी न उरल्यावर भुताने सगळ्या गावाला साक्षीला बोलावले.

यावर पहिला आक्षेप असा येईल की हिशेब न चुकणे हेच जर भुताचे कारण, तर मग चाफाजी टिळेकराचे भूत का नाही? त्या दोन दासींचे का नाही? त्यांना कुठे न्याय मिळाला? आक्षेप रास्त आहे आणि माझ्या म्हणण्याला तो एक मर्यादा घालतो. न मिळालेला न्याय ही भुतासाठी आवश्यक अट आहे, पण ती पुरेशी नाही. ज्याचे मरण सांगण्याजोगे आहे असे समाजाला वाटते त्याचेच भूत होते, आणि अठराव्या शतकातल्या समाजाला, आणि खरे तर आपल्यालाही, पेशव्याचे मरण सांगण्याजोगे वाटते, दासीचे नाही. नोकर धन्याबरोबर मेला तर तो इमानाचा दाखला ठरतो. त्याच्या जिवाचे वेगळे देणे कुणाच्या खाती मांडले जात नाही. पुढे इंग्रजी अमलात या वाड्यात तुरुंग होता, रुग्णालय होते, वेड्यांचे इस्पितळही होते. तिथल्या माणसांच्या हालांची एकही किंकाळी तटाबाहेर आलेली नाही. लोकांचे न्यायालय भुताच्या गोष्टीतून चालते हे खरे, पण त्या न्यायालयातही फिर्याद दाखल होण्यासाठी दर्जा लागतो. भुतांच्या गोष्टींना गरिबांची स्मृती म्हणून डोक्यावर घेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवायला हवे.

दुसरा आक्षेप असा, की ही केवळ पुणेरी, फार तर मराठी गोष्ट आहे. एका वाड्यावरून नियम काढणे धाडसाचे नाही का? म्हणून एक दूरचे उदाहरण घेऊ. लंडनचा टॉवर हाही किल्ला, हेही राजनिवासाचे ठिकाण आणि हाही तुरुंग. १४८३ मध्ये बारा वर्षांचा राजा पाचवा एडवर्ड आणि त्याचा नऊ वर्षांचा भाऊ रिचर्ड यांना तिथे ठेवले गेले आणि ती मुले पुन्हा कुणाला दिसली नाहीत. गादीवर बसला त्यांचा सख्खा काका, तिसरा रिचर्ड. १६७४ मध्ये टॉवरमधल्या एका जिन्याखाली हाडे सापडली आणि ती त्या मुलांची समजून वेस्टमिन्स्टर ॲबीत पुरण्यात आली. हात धरून उभी असलेली दोन मुले टॉवरमध्ये दिसतात, ही गोष्ट तिथे आजही सांगतात. पुण्याचा आणि लंडनचा काडीचाही संबंध नसताना दोन्हीकडे गोष्टीचा सांगाडा एकच आहे: किल्ला, कोवळा वारस, रक्ताचा नातेवाईक असलेला संरक्षक, आणि ज्याच्यावर कधी खटला उभा राहिला नाही असा अपराध. तिसरा रिचर्ड दोनच वर्षांनी लढाईत मारला गेला. पण तो गादीच्या भांडणात मेला, पुतण्यांच्या खुनाची शिक्षा म्हणून नव्हे, आणि खून नक्की कुणी केला याचा निवाडा इंग्रज इतिहासकारांना आजही करता आलेला नाही. किल्ल्यांत लाखो माणसे मेली आहेत. पण ज्या भिंतींनी राखायचे त्यांच्याच आत आणि ज्या माणसाने राखायचे त्याच्याच डोळ्यांदेखत बळी गेलेला जीव लोकांना जास्त सलतो.

तिसरा आक्षेप विज्ञानाच्या बाजूने येतो. भुताटकीचे स्पष्टीकरण शरीराच्या आणि मेंदूच्या व्यवहारात मिळते, तर मग इतिहासाची ओढाताण कशाला? या बाजूला भरीव काम झाले आहे. इंग्लंडमधले अभियंते व्हिक टँडी यांना आपल्या प्रयोगशाळेत करड्या आकृतीचा भास होई, अंगावर काटा येई. १९९८ मध्ये त्यांनी दाखवले की हा परिणाम एका पंख्यामुळे उठणाऱ्या, कानाला ऐकू न येणाऱ्या सुमारे १९ हर्ट्झच्या कंपनांचा असावा. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड वाइझमन यांनी एडिंबरोमधल्या जुन्या तळघरांत आणि हॅम्प्टन कोर्ट राजवाड्यात शेकडो लोकांवर प्रयोग केले. विचित्र अनुभव ठरावीक जागी जास्त येतात आणि त्यांचा संबंध उजेड, खोलीचा आकार अशा गोष्टींशी असतो, असे २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दिसले. पुढे ख्रिस फ्रेंच आणि सहकाऱ्यांनी मुद्दाम एक खोली उभारून तीत अशी कंपने आणि विद्युतचुंबकीय क्षेत्रे सोडली, तेव्हा लोकांना अनुभव आले, पण कंपने चालू असण्या-नसण्याशी त्यांचा मेळ बसला नाही. काहीतरी घडेल असे सांगितले की काही माणसांना घडल्यासारखे वाटते, हाच त्यातल्या त्यात पटणारा निष्कर्ष निघाला. शनिवारवाड्याला तो चपखल लागू पडतो. सूर्यास्तानंतर आत कुणाला सोडत नाहीत, म्हणजे ऐकणारा नेहमी तटाबाहेर असतो. बाजूने शिवाजी रस्ता वाहतो, भोवती कसबा आणि शनिवार पेठेची दाट वस्ती, अंगाला लागून नदी. अशा ठिकाणी रात्रीही कुत्री, गाड्या, वारा, वटवाघळे यांचा आवाज असतोच, आणि त्यात हाक शोधणाऱ्याला हाक सापडते. शिवाय ज्या दालनात खून झाला ते आज नाहीच. फेब्रुवारी १८२८ मध्ये लागलेल्या आगीत आतले लाकडी मजले जळून गेले. उरली ती जोती, कारंज्याचा हौद आणि तट. हे सगळे मान्य. पण कंपने काय किंवा अपेक्षा काय, माणसाला फार तर दचकवतील. दचकलेल्या माणसाला नारायणरावच का ऐकू येतो, विठोजी का नाही, हे त्या प्रयोगांतून कळत नाही. त्यासाठी इतिहासाकडेच यावे लागते.

असेही म्हणतील की ही गोष्ट नाटक-सिनेमांनी आणि आता पर्यटनाने वाढवली आहे. अर्थात वाढवली आहे. खाडिलकरांचे ‘भाऊबंदकी’ १९०९ मध्ये रंगभूमीवर आले, प्रभातचा ‘रामशास्त्री’ १९४४ मध्ये पडद्यावर आला, आणि ते प्रसंग मराठी घराघरांत पोचले. हल्ली तर देशातल्या झपाटलेल्या जागांची यादी शनिवारवाड्यावाचून पुरी होत नाही. पण बाजारामुळे जुनी गोष्ट पसरते. कुठली गोष्ट पसरावी हे बाजाराच्या हातात नसते. सवाई माधवरावाच्या मृत्यूवरही लिहिले गेले, होळकरांवरही लिहिले गेले, तरी भुते रुजली नाहीत. खाडिलकरांनाही नाट्य सापडले ते खुनात कमी आणि खुनानंतरच्या निवाड्यात जास्त. रंगभूमीने लोकांना रामशास्त्री दिला, म्हणजे न्याय झाला असता तर कसा झाला असता याचे चित्र दिले. पण प्रत्यक्षात तो झाला नाही हे प्रेक्षकांना माहीत होते. यादीत नाव घालणाऱ्याने मात्र रामशास्त्री वगळून उरलेली किंकाळी घेतली, आणि त्यामुळे गोष्टीचा कणाच निघून गेला. रघुनाथरावाशिवाय आणि त्या निकालाशिवाय सांगितलेली किंकाळी निव्वळ घाबरवण्याच्या कामाची उरते.

सर्वांत गंभीर आक्षेप वेगळाच आहे. भुताच्या गोष्टींना असा अर्थ देऊ लागलो तर अंधश्रद्धेला प्रतिष्ठा मिळत नाही का? महाराष्ट्रात हा प्रश्न हसण्यावारी नेता येत नाही. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला बांधणे, चटके देणे, मारहाण करणे यांविरुद्ध राज्याला २०१३ मध्ये कायदा करावा लागला, आणि त्या कायद्यासाठी अनेक वर्षे झटणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची त्याच वर्षी २० ऑगस्टला सकाळी पुण्यात गोळ्या घालून हत्या झाली. अंगात आलेले भूत आणि वास्तूशी जोडलेली गोष्ट यांत फरक केला पाहिजे. पहिल्यात एक मांत्रिक असतो, एक बळी असतो आणि पैशाचा व्यवहार असतो. दुसऱ्यात एक ऐकीव कथा असते, जिच्यामुळे कुणाच्या अंगाला चटका बसत नाही. कथेचा अर्थ लावणे म्हणजे तिच्यातले भूत खरे मानणे नव्हे. उलट अर्थ कळला की भुताची गरज कमी होते. दाभोलकरांची हत्या झाली तो विठ्ठल रामजी शिंदे पूल शनिवारवाड्यापासून पायी काही मिनिटांच्या अंतरावर आहे. त्या पुलावर दर महिन्याच्या वीस तारखेला कार्यकर्ते फलक घेऊन जमत राहिले. मे २०२४ मध्ये न्यायालयाने दोघांना जन्मठेप दिली, तिघांना निर्दोष सोडले, आणि सूत्रधार कोण हा प्रश्न कार्यकर्ते अजून विचारत आहेत. काळ थोडा लोटला आहे हे खरे, तरी तिथे भुताची कथा रुजलेली नाही. जिथे माणसे स्वतःच्या तोंडाने उघडपणे जाब विचारू शकतात, तिथे तो मेलेल्याच्या तोंडून विचारून घ्यावा लागत नाही. पेशवाईतल्या पुणेकरांना ती मुभा नव्हती.

म्हणूनच ही गोष्ट पुसून टाकण्यात मला शहाणपण दिसत नाही, आणि नुसती किंकाळी ऐकवून लोकांना भिववण्यात तर त्याहून नाही. ती पुरी सांगावी. वाडा दाखवणाऱ्याने दिल्ली दरवाजाचे खिळे दाखवताना हेही सांगावे की पहारा फितला तर तटाचा उपयोग नसतो. खून रात्री नाही, दुपारी झाला. मेलेल्यांत चाफाजी टिळेकर होता आणि दोन दासी होत्या. एका न्यायाधीशाने सत्ताधाऱ्याला दोषी ठरवले, पण शिक्षा देण्याची ताकद राज्यात उरली नव्हती, आणि खुनाचे फळ अखेर खुन्याच्याच मुलाच्या पदरात पडले. एवढे ऐकल्यावर ऐकणारा किंकाळीची वाट पाहत तटाखाली उभा राहणार नाही. तो विचारील की रघुनाथरावाला शिक्षा का झाली नाही. दोनशे वर्षांहून अधिक काळ लोक भुताच्या आडून हेच विचारत आले आहेत. आता ते सरळ विचारायला हरकत नाही.